लकव्यानंतरचा हात : मोजमाप घरातल्या हालचालींचे

लकव्याच्या झटक्यातून वाचलेल्या माणसाच्या हातात किती बळ परतले, हे दवाखान्यात तपासता येते. तोच हात घरी गेल्यावर दिवसभरात किती वापरला जातो, हे मात्र तिथे बसून कळत नाही. हातात बळ आले की त्याचा वापर आपोआप वाढेल, असे बरीच वर्षे गृहीत धरले जात होते. दोन्ही मनगटांवर घड्याळाएवढे सेन्सर बांधून, रुग्णाला त्याच्या नेहमीच्या कामात सोडून, दिवसभराच्या हालचाली नोंदवण्याची पद्धत गेल्या पंचवीस वर्षांत रुळली आणि हे गृहीतक डळमळले.

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा गुठळीमुळे थांबतो किंवा रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव होतो, तेव्हा शरीराच्या विरुद्ध बाजूचे हातपाय लुळे पडतात. हाच लकवा किंवा पक्षाघात. खेड्यात याला अंगावरून वारे गेले म्हणतात. हा आजार शहरातला, बैठ्या माणसांचा, असा समज अजूनही आहे. गडचिरोलीतल्या ‘सर्च’ या संस्थेत डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणे दोन वर्षे नोंदवली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मृत्यूचे सर्वांत मोठे कारण पक्षाघात हेच निघाले. एकूण मृत्यूंपैकी १४.३ टक्के, म्हणजे दर सातांतला एक मृत्यू त्याचा होता आणि यांतली बहुतेक माणसे घरीच दगावली होती. हा आकडा मृत्यूंचा आहे. झटक्यातून वाचून लुळ्या हातानिशी पुढची वर्षे काढणारे लोक त्यात धरलेले नाहीत.

पाय आणि हात यांची गोष्ट वेगळी असते. पायाला सुटका नसते. परसदारी जायचे तर दोन्ही पाय टाकावेच लागतात, त्यामुळे अधू पायाला रोज सक्तीचा सराव घडतो. हाताचे तसे होत नाही. एक हात चांगला असला की पाण्याचा तांब्या तोच उचलतो, बटण तोच लावतो, दाराची कडी तोच काढतो. अधू हाताने प्रयत्न केला तर तांब्या सांडतो, वेळ जातो, समोरच्याला अवघडल्यासारखे होते. पहिल्या काही आठवड्यांत असे अनुभव साचत गेले की मेंदू त्या हाताचा नाद सोडून देतो. पुढे मज्जातंतूंचे काम काही प्रमाणात सुधारले तरी सवय तशीच राहते.

हे सवयीने येणारे अपंगत्व अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी आधी माकडांमध्ये पाहिले. एका हाताची संवेदना तोडलेली माकडे तो हात हलवू शकत असूनही वापरत नसत. चांगला हात काही दिवस बांधून ठेवला की अधू हात कामाला लागे. (या प्रयोगांतल्या प्राण्यांच्या हालअपेष्टांवरून १९८१ मध्ये टॉब यांच्यावर खटला झाला. प्राणिहक्कांच्या चळवळीच्या इतिहासात ते प्रकरण गाजलेले आहे.) चांगला हात बांधण्याच्या याच तत्त्वावर माणसांसाठी उपचार तयार झाला. जागेपणीचा बहुतेक वेळ चांगल्या हातावर जाड मोजा चढवून ठेवायचा आणि दोन आठवडे अधू हाताकडून कसून काम करून घ्यायचे, असे त्याचे स्वरूप. २००६ साली अमेरिकेतल्या २२२ रुग्णांवरील मोठ्या चाचणीत त्याचा उपयोग दिसून आला. पण ‘हात घरी वापरला गेला’ हे सिद्ध कसे करायचे, हा प्रश्न या उपचारानेच ऐरणीवर आणला.

दवाखान्यातल्या चाचण्या या प्रश्नाला पुरत नाहीत. फुगल-मायर ही १९७५ साली स्वीडनमध्ये तयार झालेली तपासणी हाताला ६६ पैकी गुण देते. अ‍ॅक्शन रिसर्च आर्म टेस्टमध्ये ठोकळे उचलणे, पेल्यातून पेल्यात पाणी ओतणे, हात डोक्यावर नेणे अशी १९ कामे असतात आणि गुण ५७. या चाचण्या चांगल्या आहेत, जगभर वापरल्या जातात. त्यांत रुग्णाला ‘हे करून दाखवा’ असे सांगितले जाते आणि तो मन लावून ते करून दाखवतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ च्या वर्गीकरणात क्षमता आणि प्रत्यक्ष वापर असे दोन वेगळे रकाने केले. या चाचण्या पहिल्या रकान्यातल्या आहेत.

दुसऱ्या रकान्यासाठी आधी विचारपूस हाच मार्ग होता. अधू हाताने दिवा लावता का, फ्रिज उघडता का, तोंड पुसता का, अशा प्रश्नांची यादी करून ० ते ५ गुण द्यायचे. पण माणूस स्वतःच्या हाताबद्दल जे सांगतो त्यात आशा मिसळते, विसर मिसळतो, आणि डॉक्टरांना बरे वाटावे ही इच्छाही असते. जेवताना डावा हात ताटाजवळ गेला की नुसता मांडीवर होता, हे संध्याकाळी कोणाला आठवते? सेन्सरच्या नोंदी आणि रुग्णांची उत्तरे शेजारी ठेवून पाहिली गेली, तेव्हा दोन्हींचा मेळ नीट बसला नाही.

मनगटावरच्या यंत्राचा जीव म्हणजे अ‍ॅक्सेलरोमीटर, म्हणजेच त्वरणमापक. सिलिकॉनच्या चकतीवर कोरलेले, डोळ्यांना न दिसणारे एक वजन बारीक स्प्रिंगांवर लटकलेले असते. एसटीने अचानक ब्रेक मारला की प्रवासी पुढे झुकतो, तसे हात हलला की हे वजन किंचित सरकते. त्या सरकण्याने विद्युतधारकतेत फरक पडतो आणि चिप तो आकड्यात बदलते. तीन दिशांना हे काम सेकंदाला ३० ते १०० वेळा चालते. मोबाइल आडवा केला की चित्र आडवे होते ते याच भागामुळे. हात स्थिर असतानाही गुरुत्वाकर्षणाची ओढ त्याला जाणवत असते, त्यामुळे मनगट वर आहे की खाली हेही त्यावरून काढता येते. सोबत फिरण्याचा वेग मोजणारा जायरोस्कोप बसवला तर हालचालीचे चित्र आणखी स्पष्ट होते.

दिवसभरात लाखो आकडे जमतात. त्यांतून कामाची माहिती काढण्याची जुनी आणि सोपी रीत अशी: प्रत्येक सेकंदातली हालचाल एका ठरलेल्या उंबरठ्याच्या वर आहे का ते पाहायचे. वर असेल तर तो सेकंद वापराचा, नसेल तर विश्रांतीचा. अलाबामा विद्यापीठात गितेंद्र उस्वाट्टे आणि टॉब यांनी २००० साली ही रीत मांडली. दिवसाचे असे सेकंद जोडले की प्रत्येक हाताच्या वापराचे तास मिळतात. एका हाताच्या तासांना दुसऱ्याच्या तासांनी भागले की वापराचे गुणोत्तर मिळते.

सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात कॅथरिन लँग यांच्या गटाने ७४ निरोगी प्रौढांवर हे मोजले. उजवा-डावा भेद इतका मोठा असूनही दोन्ही हातांचा वापर जवळपास सारखा निघाला. मुख्य हात दिवसाला सुमारे ९.१ तास आणि दुसरा ८.६ तास, गुणोत्तर ०.९५. उजव्या हाताने लिहिणारा माणूस डाव्या हाताने कागद धरतो, दार ढकलतो, पिशवी पेलतो, आणि बहुतेक कामे दोन्ही हात मिळून करतात, हे त्यामागचे कारण. त्याच गटाने झटक्यानंतर पहिल्या काही आठवड्यांतल्या रुग्णांचे मोजमाप केले होते, त्यात अधू हात दिवसाला सरासरी ३.३ तास आणि चांगला हात ६ तास हलला होता. चांगला हातही निरोगी माणसापेक्षा बराच कमी चालतो, ही बाब त्यामुळे आकड्यात आली.

या संशोधनातला सर्वांत बोचरा निष्कर्षही सेंट लुईसचाच आहे. झटक्याला सहा महिने उलटलेल्या रुग्णांना एकेका कामाचा हजारो वेळा सराव देण्यात आला. चाचणीतले गुण वाढले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात मात्र मनगटावरच्या नोंदींनी घरातला वापर वाढल्याचे दाखवले नाही. म्हणजे फिजिओथेरपिस्टच्या टेबलावर हात सुधारला, स्वयंपाकघरात तो होता तिथेच राहिला. यावरून सराव व्यर्थ ठरत नाही. क्षमता वाढवणे हे अर्धेच काम आहे आणि उरलेले अर्धे वेगळ्या उपायांनी करावे लागते, एवढे त्यातून नक्की होते.

भारतात या मोजमापावर ठळक काम वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या जैवअभियांत्रिकी विभागात शिवकुमार बालसुब्रमणियन आणि सहकाऱ्यांनी केले आहे. हात वापरला का, किती जोराने वापरला आणि दोन हातांत वाटणी कशी झाली, हे प्रश्न त्यांनी वेगवेगळे केले आणि प्रत्येकासाठी गणिती चौकट मांडली. २०२२ साली त्यांनी उंबरठ्याची जुनी रीत, मनगटाच्या कलावर आधारलेली रीत आणि संगणकाला शिकवून हालचाल ओळखायला लावणारी रीत यांची तुलना केली. काही निरोगी माणसे आणि काही पक्षाघाताचे रुग्ण यांच्या रोजच्या कामांचे चित्रीकरण केले, ते पाहून प्रत्येक हालचाल माणसांनी तपासली आणि मग यंत्राचे उत्तर त्याच्याशी ताडले. उंबरठ्याची रीत फार उतावळी निघाली. खरा वापर ती सोडत नाही, पण निरर्थक हालचालींनाही वापर म्हणते. कल पाहणारी रीत उलट कंजूष, ती खरा वापरही गाळते. शिकवलेला संगणक दोघांपेक्षा सरस ठरला, विशेषतः त्याच माणसाच्या नोंदींवर शिकवलेला असेल तर.

कोणती हालचाल अर्थपूर्ण हे गावाच्या जगण्यावर ठरते आणि इथे परदेशी आकडे थेट उचलून चालत नाहीत. जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातले कुंभार पिंपळगाव घ्या. बाजारपेठेचे गाव, समर्थ रामदासांचे जन्मस्थान असलेले जांब जवळच, शिवारात कापूस, ऊस, मोसंबी. अशा गावात हाताला कोणती कामे पडतात? भाकरी थापायला दोन्ही तळवे लागतात, आणि ती परातीत फिरवताना मनगटाची लय लागते. खुरपणीत एका हाताने खुरपे चालते, दुसरा गवत उपटतो. कापूस वेचताना दोन्ही हात बोंडांवर फिरतात. ऊसतोडीत कोयता एका हातात असतो आणि दुसऱ्याची पकड ऊस सोडत नाही. इथल्या निरोगी माणसाचे गुणोत्तर सेंट लुईसच्या कारकुनासारखे असेल असे मानायला आधार नाही. प्रत्येक समाजाचे आपले निरोगी माप आधी घ्यावे लागते, मगच रुग्णाचे किती घटले ते म्हणता येते.

जेवणाचा प्रश्न तर पूर्णपणे आपला आहे. घास उजव्या हाताने घ्यायचा आणि डावा शौचासाठी, ही वाटणी घराघरात पक्की आहे. डाव्या मेंदूला इजा होऊन उजवा हात गेला, तर माणसाला रोज दोनदा चारचौघांत डाव्या हाताने जेवावे लागते. कित्येक जण त्यापेक्षा कोपऱ्यात बसून चमच्याने खाणे किंवा भरवून घेणे पत्करतात. उलट ज्याचा डावा हात गेला त्याचे जेवण अडत नाही आणि म्हणून त्या हाताचा वापर बंद पडल्याचे घरच्यांच्या लक्षातही उशिरा येते. त्यातून उजव्या मेंदूला इजा झालेल्यांपैकी काहींना डावी बाजू आहे याचेच भान राहत नाही. मनगटावरच्या नोंदी उजवा हात गेलेल्याला आणि डावा हात गेलेल्याला सारखेच गुणोत्तर देऊ शकतात, पण दोघांची अडचण सारखी नाही. ही माहिती आकड्यांत येणार नाही, ती घरी जाऊन विचारावी लागेल.

यंत्र फसते त्या जागाही इथल्याच आहेत. लकवा झालेल्या हाताला तेल लावून मालिश करणे हा गावोगावचा नेम आहे. मुलगा किंवा सून तासभर तो हात चोळते, वरखाली करते. सेन्सरच्या लेखी तो हात तासभर राबला, प्रत्यक्षात रुग्णाने बोटही हलवलेले नसते. मोटारसायकलवर मागे बसून खडबडीत रस्त्याने तालुक्याला जाऊन आले की दोन्ही मनगटांवर हालचालींचा पाऊस पडतो. चालताना हात आपोआप झुलतात, तेही मोजले जाते. चांगल्या हाताने अधू हात उचलून मांडीवर ठेवला तरी नोंद अधू हाताच्या नावावर होते. काचेच्या बांगड्या यंत्रावर आदळल्या तर त्या धक्क्यांचीही भर पडू शकते. उलट चूकही होते. डाव्या हाताने परात घट्ट दाबून धरली तर मनगट स्थिर आहे, म्हणजे यंत्राला ती विश्रांती. दूध काढताना काम बोटांचे असते आणि मनगटावरच्या यंत्राला बोटे दिसत नाहीत. म्हणून मोजमापाबरोबर वेळेची साधी टिपणी लागते: मालिश कधी झाली, प्रवास कधी झाला, यंत्र कधी काढून ठेवले. घरातल्या कोणी ती वहीत लिहिली तरी पुरते.

गुणोत्तराची एक खोच गणितातच आहे. समजा, अधू हात दिवसाला २ तास आणि चांगला ५ तास चालतो, गुणोत्तर ०.४०. काही महिन्यांनी माणूस खचून जास्त वेळ बाजेवर पडून राहू लागला, चांगला हात ४ तासांवर आला, अधू हात २ तासांवरच आहे. गुणोत्तर ०.५० होते. कागदावर सुधारणा, घरात घसरण. नुसत्या तासांवर विसंबावे तर दुसरा घोटाळा: कापूस वेचणीच्या दिवसांत घरातले सगळेच अधिक राबतात, उन्हाळ्यात सगळेच सावलीला बसतात, त्यामुळे दोन ऋतूंतले तास थेट तुलनेला घेता येत नाहीत. तास आणि गुणोत्तर दोन्ही शेजारी ठेवून वाचावे लागतात, एकट्या आकड्यावर निदान करू नये. मोजमाप एका दिवसाऐवजी काही दिवस चालवणे आणि त्यात बाजाराचा दिवस आला की नाही हे पाहणेही शहाणपणाचे.

तांत्रिक अटींमध्ये एक फारशी बोलली जात नाही. दोन्ही मनगटांवरच्या यंत्रांची घड्याळे एकमेकांशी जुळलेली हवीत. ती काही सेकंदांनी पुढेमागे झाली तरी दिवसाचे तास जवळपास तेच येतील, पण दोन्ही हात एकाच क्षणी काम करत होते का, हे कळणार नाही. भाकरी थापण्यासारख्या दुहाती कामाची सगळी ओळख त्या एका क्षणावर असते. बाजारात मिळणारे पावले मोजणारे पट्टे इथे कमी पडतात. ते एकाच हातावर बांधायचे असतात, त्यांचे हिशेब पावलांसाठी बेतलेले असतात आणि आतले कच्चे आकडे ग्राहकाला सहसा मिळत नाहीत.

मोजून पुढे काय करायचे, यावर इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या संशोधकांनी एक वाट चोखाळली. अधू हात बराच वेळ हलला नाही तर मनगटावरचा पट्टा थरथरून आठवण करून देतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्राथमिक चाचणीत घरी असा पट्टा वापरणे शक्य आहे असे दिसले, त्याने हात किती सुधारतो हे ठरवायला ती चाचणी लहान होती. भारतासाठी याहून जवळचे उदाहरण ‘अटेंड’ या चाचणीचे. १४ रुग्णालयांतल्या १२५० रुग्णांपैकी निम्म्यांच्या घरच्या माणसांना व्यायाम करून घेण्याचे शिक्षण देण्यात आले. २०१७ साली आलेला निकाल निराशाजनक होता: सहा महिन्यांनंतर परावलंबित्व किंवा मृत्यू यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, सुमारे ४७ टक्के. कुटुंबाला शिकवले की काम भागेल, ही स्वस्त आणि गोड वाटणारी कल्पना त्या निकालाने मागे पडली. शिकवलेले घरी किती उतरते आणि रुग्णाचा हात त्यामुळे किती जास्त हलतो, हे पाहण्यासाठी मनगटावरची नोंद हे आजवरचे सर्वांत प्रामाणिक साधन आहे.

फिजिओथेरपीच्या सत्रांबद्दलही हेच म्हणता येते. अमेरिकेतल्या आणि कॅनडातल्या केंद्रांतली ३१२ सत्रे लँग यांच्या गटाने प्रत्यक्ष बसून मोजली, तेव्हा हाताच्या उपयोगी हालचाली एका सत्रात सरासरी ३२ भरल्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसायला शेकडो लागतात. जिथे फिजिओथेरपिस्ट रोज भेटतो तिथली ही स्थिती. कुंभार पिंपळगावच्या रुग्णाला त्यासाठी जालना किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागत असेल, तर महिन्यातली दोनचार सत्रे हाताला पुरी पडणे शक्य नाही. उरलेला सगळा सराव घरातल्या कामांतूनच व्हायला हवा आणि तो होतो की नाही हे कोणीतरी पाहायला हवे.

सेन्सर हातात बळ आणत नाही. तो मिळण्याची वाट पाहत थांबण्याचीही गरज नाही. लकव्यातून उठलेल्या माणसाला चहाचा कप, टॉवेल, भाजीची पिशवी अधू हाताच्या बाजूने द्यावी, उशीर लागला तरी लागू द्यावा, आणि दर आठवड्याला त्या हाताने झालेली कामे वहीत लिहावीत. पुढच्या भेटीत ती वही फिजिओथेरपिस्टसमोर उघडून ठेवावी.